समुद्राची नोंदवही

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली एक बारीक ओळ असते. समुद्रसपाटीपासून उंची अमुक इतके मीटर. दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहणाऱ्या किती माणसांनी ती वाचली असेल आणि गाडी आल्यावर विसरूनही गेली असतील! पण त्या ओळीत एक कोडे दडलेले आहे. आमच्या शिरूर-दौंडकडच्या माणसाचा आणि समुद्राचा तसा संबंध काय? शिक्रापूरहून कोकणचा किनारा गाठायचा, तर अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. आमचा पाऊस अरबी समुद्रावरून येतो हे खरे, पण परत जाताना तो त्या वाटेने जात नाही. शिक्रापूरची वेळ नदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आमचे पाणी घेऊन थेट बंगालच्या उपसागराला जाते. असे असून आमच्या गावाची उंची मोजायची, तर समुद्रापासूनच. चासकमानच्या कालव्याचे पाणी शिरूर तालुक्यातल्या शेतापर्यंत पोचते ते उताराने. तो उतार आखणाऱ्यांचा हिशेबही शेवटी समुद्रालाच जाऊन टेकतो.

आणि गंमत अशी, की समुद्र कधी सपाट नसतोच. मुंबईला तो दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. उधाणाच्या दिवशी चढउताराचा हा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे एक मजली घर बुडेल इतका. मग 'समुद्रसपाटी' नावाची ही सपाटी कोणी ठरवली? कुठे ठरवली? केव्हा ठरवली?

मी कवितेच्या वाटेचा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. पण या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा एका मोठ्या इतिहासाशी गाठ पडली. समुद्राकडे एका जागी उभे राहून, न कंटाळता, वर्षानुवर्षे पाहत राहणाऱ्यांचा हा इतिहास आहे. त्यात माणसे आहेत, घड्याळे आहेत, कागद-पेन्सिली आहेत आणि अलीकडच्या चाळीस वर्षांत कॅमेरेही आहेत.

सुरुवात होते कच्छच्या भूकंपापासून. १६ जून १८१९ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. रणातला सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि त्याच्या उत्तरेला जमिनीचा एक लांबच लांब उंचवटा वर आला. माणसाने न बांधलेला हा बांध पाहून तिथल्या लोकांनी त्याला नाव दिले 'अल्लाह बंद'. नाव अगदी चपखल होते. पण त्या नावाने एक प्रश्नही मागे ठेवला. जमीन जर अशी वर-खाली होत असेल, तर समुद्र आत आला की जमीन खचली, हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख जे. टी. वॉकर यांना पडला होता. कच्छच्या आखातात जमीन आणि समुद्र यांचे नाते हळूहळू बदलते आहे का, हे तपासायचे त्यांनी ठरवले आणि काम सोपवले ए. डब्ल्यू. बेअर्ड या तरुण लष्करी इंजिनिअरवर. १८७३ ते १८७५ या काळात बेअर्ड यांनी ओखा, हंसथळ आणि नवानार या तीन ठिकाणी भरतीमापक यंत्रे चालवली. रण, चिखल, खारे वारे आणि पाऊस यांच्यात यंत्र चालू ठेवणे हे काम सोपे नव्हते. पण त्यातून पुढची वाट मिळाली. १८७७ पासून हिंदुस्थानच्या बंदरांवर भरती-ओहोटीच्या पद्धतशीर नोंदी सुरू झाल्या आणि १८७८ मध्ये मुंबईच्या अपोलो बंदरावर यंत्र बसले. गेटवे ऑफ इंडिया तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

हे यंत्र कसे होते, ते थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या साधेपणातच त्याचे मोठेपण आहे. समुद्राच्या पाण्याला जोडलेली एक विहीर. जोडणारे तोंड मुद्दाम अरुंद ठेवलेले, म्हणजे लाटांचा धिंगाणा बाहेरच राहतो आणि भरती-ओहोटीची संथ चढउतार तेवढी आत येते. विहिरीत एक तरंगता डबा. डब्याला दोरी किंवा तार, तिच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल, आणि पेन्सिलीसमोर घड्याळाच्या यंत्रणेने फिरणारा कागदाचा रूळ. पाणी चढले, की रेघ चढते. पाणी उतरले, की रेघ उतरते. रात्री बंदर झोपलेले असतानाही पेन्सिल जागी असते. समुद्राने स्वतःच्या हाताने लिहिलेली ही वहीच म्हणायची.

अशा वह्यांवरून पुढच्या भरतीचा अंदाज बांधायला १८७९ मध्ये लंडनमध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी एक यंत्र तयार झाले. चाके आणि कप्प्या यांच्या साह्याने ते चंद्र-सूर्याच्या ओढीची बेरीज करून पुढच्या वर्षाची भरती आजच सांगे. आणि १९०९ मध्ये देशभरची उंची मोजणारे जाळे पुरे झाले, तेव्हा कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट अशा नऊ बंदरांवरच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी धरून 'समुद्रसपाटी' पक्की झाली. स्टेशनच्या पाटीवरची ती सपाटी म्हणजे प्रत्यक्ष दिसणारे पाणी नव्हे. लाखो भरत्या आणि लाखो ओहोट्या यांची ती सरासरी आहे.

आता याचा अर्थ असा मात्र नव्हे, की साहेबाचे यंत्र येण्याआधी आपल्याकडे कोणाला भरती कळत नव्हती. माझी एक खाला दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावात दिलेली. तिचे यजमान, आमचे खालूजान, जहाजावर नोकरी करून गावी परतलेले. लहानपणी मी त्यांना विचारले, "खालूजान, होडी कधी सुटणार?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलेच नाही. म्हणाले, "आज चांद किती? सात ना? त्यात दोन मिळव. नऊ झाले. त्याची पाऊणपट कर." नवाची पाऊणपट म्हणजे पावणेसात. पावणेसातला खाडी तुडुंब भरली होती.

हा हिशेब सगळ्या कोकणात चालतो. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. कारण चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि भरती त्याच्या मागोमाग चालते. आमच्या हिजरी तारखेत दोन मिळवायचे, कारण चंद्रदर्शन होते द्वितीयेच्या संध्याकाळी आणि महिन्याचा पहिला दिवस उजाडतो तो बहुधा तृतीयेला. २०२२ मध्ये ३ मे रोजी आणि २०२३ मध्ये २२ एप्रिल रोजी रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली, ती याच हिशेबाने. ईदगाहातल्या नमाजाला येणाऱ्याचा चंद्र आणि पंचांग पाहणाऱ्याचा चंद्र एकच. त्या दोघांच्या होड्या वर उचलणारे पाणीही एकच.

खालूजानांचा हिशेब भरतीची वेळ सांगत होता. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या भरतीपेक्षा आजची भरती बोटभर उंच आहे की नाही, हे तो सांगू शकत नव्हता. त्यासाठी वहीच लागते, आणि ती वही न तुटता चाललेली असावी लागते. अपोलो बंदराची नोंद उत्तर हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या दीर्घ नोंदींपैकी एक आहे. २००७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी मुंबईसह या भागातल्या चाळीस वर्षांहून जुन्या नोंदी तपासल्या. त्यांना दिसले, की विसाव्या शतकात इथला समुद्र वर्षाला सरासरी सुमारे १.२९ मिलिमीटरने वाढत होता. पुढे १९९३ ते २०१२ या काळातल्या उपग्रहांच्या मोजणीत हाच वेग वर्षाला सुमारे ३.२ मिलिमीटर आला. मिलिमीटर म्हणजे काय, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक माप. पण दिवसाला काही मीटर वर-खाली करणाऱ्या पाण्यातून एवढा बारीक बदल शोधायचा, म्हणजे कित्येक दशकांची वही हवी. मधली पाने फाटलेली असतील, तर हिशेब जमत नाही.

वही तुटू न देण्याचे मोल काय असते, याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली आणि पुढे तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. विसावे शतक उजाडले, तेव्हा मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे ठरले. विजेच्या प्रवाहाने नाजूक चुंबकसुया बिथरणार, म्हणजे पन्नास-साठ वर्षांची नोंद मातीमोल होणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई फ्रामजी मूस, त्या जागेवर आलेले पहिले भारतीय. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड वापरून इमारत बांधली. आणि महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. जुन्या वहीचे शेवटचे पान आणि नव्या वहीचे पहिले पान एकमेकांना नीट शिवले गेले. त्यानंतरच कुलाब्याची सुई थांबली. ट्राम आली १९०७ मध्ये. शहराची प्रगती अडली नाही आणि शास्त्राची वहीही तुटली नाही. दोन्ही गोष्टी साधता येतात, फक्त कोणाला तरी आधी विचार करावा लागतो.

इथवर झाली पाण्याच्या उंचीची गोष्ट. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचा प्रश्न थोडा वेगळा असतो. पाणी किती मिलिमीटर चढले, यापेक्षा आपल्या अंगणापुढची वाळू किती हात उरली, हे त्याला कळायला हवे असते. आणि वाळू भारी फसवी. आषाढ-श्रावणातल्या उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि थोड्या आत, पाण्याखाली, तिचे बांध रचून ठेवतात. पावसाळा सरला, लाटा मवाळ झाल्या, की दिवाळीपासून तीच वाळू हळूहळू परत येते. म्हणून ऑगस्टमध्ये पाहणीला आलेला अधिकारी म्हणतो, किनारा गेला! फेब्रुवारीत आलेला म्हणतो, कुठे काय झाले आहे? दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांच्याही अहवालावरून काही ठरवता येत नाही. वर्षातून एकदा मोजणी करून वाळूचा स्वभाव कळत नाही. तिच्यासमोर रोज बसावे लागते.

रोज बसायला माणूस कुठून आणायचा? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत सापडले. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डक नावाचे एक छोटे गाव आहे. तिथे अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर दलाने १९७७ मध्ये समुद्रसंशोधनासाठी अर्धा किलोमीटरहून लांब धक्का बांधला. ओरेगन स्टेट विद्यापीठातले रॉब हॉलमन हे शास्त्रज्ञ ऐंशीच्या दशकात तिथे प्रयोग करत होते. लाट वाळूवर किती चढते, हे मोजण्यासाठी त्यांनी किनाऱ्याकडे कॅमेरा रोखला होता. पण एका चित्रात काय दिसणार? एखादी लाट फुटलेली, एखादी फुटायची असलेली. सगळा फेसाचा गोंधळ. १९८६ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. दहा मिनिटांची सगळी चित्रे एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली.

आणि काय झाले पाहा. एकेक लाट चित्रातून पुसली गेली. समुद्र धुक्यासारखा मऊ झाला. पण त्या धुक्यात पांढरे, ठळक पट्टे उमटले. लाट उथळ जागीच फुटते, त्यामुळे जिथे पाण्याखाली वाळूचा बांध आहे तिथे पुन्हा पुन्हा फेस होतो. दहा मिनिटांच्या सरासरीत तो फेस पट्टा होऊन दिसतो. म्हणजे पाण्याखालची, डोळ्यांना न दिसणारी वाळू कॅमेऱ्याने कोरड्या जमिनीवरून दाखवली. पाण्यात पाय न घालता! त्याआधी हेच काम करायला होडी, दोरी, शिसे आणि शांत समुद्र लागे. आणि वाळू सर्वांत जास्त हलते तेव्हा समुद्र शांत नसतो, ही तर खरी अडचण.

१९९२ मध्ये ओरेगनच्या किनाऱ्यावर, याक्विना हेड नावाच्या खडकाळ भूशिरावर असा पहिला कायमचा कॅमेरा बसला. या व्यवस्थेला नाव मिळाले 'आर्गस'. ग्रीक पुराणातला हा शंभर डोळ्यांचा राक्षस. काही डोळे मिटले तरी बाकीचे उघडे असत. पुढे एका उंच जागी चार-पाच कॅमेरे अर्धवर्तुळात लावून, दिवसा दर तासाला नोंद घ्यायची, अशी रीत पडली. कॅमेरा तिरका पाहतो, त्यामुळे जवळची वाळू मोठी आणि लांबची लहान दिसते. तो तिरकेपणा काढण्यासाठी किनाऱ्यावरच्या काही पक्क्या खुणांची जागा आधी मोजून ठेवतात आणि गणिताने चित्राचा नकाशा करतात. मग चित्रातली पाण्याची कड म्हणजे जमिनीवर नेमकी कोणती जागा, हे मीटरमध्ये सांगता येते.

इथे बेअर्डसाहेबांची पेन्सिल आणि हॉलमन यांचा कॅमेरा एकमेकांना भेटतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत दर तासाला पाण्याची कड वाळूवर वर सरकत जाते. त्या क्षणी पाण्याची उंची किती, हे भरतीमापक सांगतो. ती कड कुठे आहे, हे कॅमेरा सांगतो. म्हणजे दर तासाची कड ही एकेक समान उंचीची रेघ झाली. शाळेच्या भूगोलात डोंगराच्या नकाशावर अशा रेघा आपण पाहिल्या आहेत. दिवसभराच्या रेघा एकत्र केल्या, की वाळूचा चढउतार कागदावर उभा राहतो. समुद्र स्वतःच किनाऱ्याची मोजणी करून देतो, फक्त ती लिहून घेणारा हवा.

ज्यांना याची गरज आधी कळली, त्यांनी ते लिहून घेतले. नेदरलँड्स हा तर समुद्राशी भांडूनच जगणारा देश. ते १९६५ पासून दरवर्षी आपल्या किनाऱ्याचे काटछेद मोजतात. १९९० मध्ये त्यांनी ठरवले, की या वर्षीची किनारारेषा मागे हटू द्यायची नाही. जिथे वाळू कमी होईल तिथे समुद्रातून वाळू आणून भरायची. नव्वदच्या दशकात त्यांच्या नूरडवेक आणि एगमॉन्ड या किनाऱ्यांवर आर्गसचे कॅमेरे बसले. ओतलेली वाळू कुठे जाते, किती टिकते, हे त्यांनी पाहून घेतले. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला १९९९ मध्ये किनारा सावरण्याचे मोठे काम निघाले, तेव्हा कामाबरोबर कॅमेरेही बसवले. केलेल्या खर्चाचा उपयोग झाला की नाही, याचा पुरावा हाती हवा, एवढाच त्यामागचा विचार.

आपल्याकडे काय? समुद्राचा अभ्यास आपल्याकडे नाही असे कोणी म्हणू नये. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ मध्ये सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या या बाजूला, मोठमोठ्या हौदांत लाटा उठवून तिथे बंदरांच्या प्रतिकृती तपासल्या जातात. चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून देशाच्या किनाऱ्याचा ताळेबंद मांडला आहे. त्यानुसार मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची धूप होते आहे. महाराष्ट्राचा सुमारे चौथा हिस्सा किनारा झिजतो आहे, दहावा हिस्सा वाढतो आहे आणि बाकीचा स्थिर आहे.

हा ताळेबंद मोलाचा आहे. पण उपग्रहाच्या डोळ्याला एक मर्यादा आहे. तो काही दिवसांनी एकदा डोक्यावरून जातो आणि ढग असले, की त्याला खालचे दिसत नाही. जून ते सप्टेंबर कोकणावर ढगांची गोधडी पांघरलेली असते, आणि किनारा हलतो तो याच चार महिन्यांत. खांबावरचा कॅमेरा रात्री आंधळा होतो, मुसळधार पावसात त्याची काच पुसट होते, हे खरे. पण तो ढगांच्या खाली असतो आणि रोज असतो.

रोजची नोंद नसली, की काय होते, याचे उदाहरण गोव्यात घडले. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' नावाचे दोनशे मीटरहून लांब खनिजवाहू जहाज वादळी हवेत कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. ते तिथून हलले २०१२ मध्ये. अक्षरशः एक तप. या काळात शेजारचा किनारा झिजू लागला आणि लोकांनी जहाजाकडे बोट दाखवले. त्यात तथ्य असायला भक्कम कारण होते. लाटांच्या वाटेत एवढी लांब भिंत आडवी आली, की तिच्या सावलीत वाळू साठते आणि बाजूची वाळू जाते. बंदरांच्या बांधकामात हा अनुभव जगभर आला आहे. तरी वाद वर्षानुवर्षे चालला. धूप जहाजामुळे किती, पावसाळ्यामुळे किती, आणि आधीपासून होतीच किती? जहाज यायच्या आधीच्या दहा वर्षांची रोजची चित्रे कोणाकडे असती, तर या भांडणाचा निम्मा निकाल त्यांनीच दिला असता.

मालवण तालुक्यातल्या देवबागला एकदा जाऊन पाहावे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. मी एका कविसंमेलनाच्या निमित्ताने मालवणला गेलो होतो, तेव्हा तिथे उभा राहिलो. एका मच्छीमार बाईंनी समुद्रात हात दाखवून सांगितले, "आमची शेवटची माडांची रांग तिकडे होती." तिकडे म्हणजे जिथे लाट फुटत होती तिथे. त्यांच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. पण कचेरीत विश्वासाला रकाना नसतो. तिथे विचारतात, किती मीटर? कोणत्या साली? पुरावा काय? सातबाऱ्यावर जमीन अजून तशीच असते, समुद्राने घेतलेली गुंठेवारी त्यावर उतरत नाही. आणि धूपप्रतिबंधक बंधारा बांधायचा, तर तो कुठे बांधायचा, हेही त्याच प्रश्नांवर ठरते. चुकीच्या जागी दगड पडले, तर आपल्या दारातली लाट शेजारच्या वाडीत जाते. भिंत सगळ्यांना दिसते, तिचे उद्घाटन करता येते. नोंदवहीचे उद्घाटन होत नाही, म्हणून ती मागे राहते.

ही वही आता महागही राहिलेली नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या दोन किनाऱ्यांवर पोलादी खांब रोवून त्यांवर मोबाईल ठेवण्यापुरती खोबण केली गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्यात आपला फोन ठेवायचा, एक फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. खोबण पक्की असल्यामुळे प्रत्येकाचा फोटो एकाच जागेवरून, एकाच कोनातून येतो. शंभर माणसांचे शंभर फोटो मिळून एक कॅमेरा होतो. ही पद्धत नंतर अनेक देशांत पोचली. आमच्या शिक्रापुरात, जिथे चाकणचा रस्ता नगर रस्त्याला मिळतो, तिथल्या दुकानांवर आणि पुढे कारखान्यांच्या फाटकांवर किती कॅमेरे आहेत, ते मोजायला बसलो तर दिवस पुरणार नाही. रस्त्यावर कोण आले-गेले, ते पाहायला आपल्याकडे डोळ्यांची कमतरता नाही. त्यातले थोडे किनाऱ्याकडे वळवायला हवेत, आणि कोकणातल्या शाळांच्या मुलांच्या हाती असा एकेक खांब द्यायला हवा. शाळेची मुले दहा वर्षांत दहावी पास होऊन जातील, पण खांब तिथेच राहील आणि पुढची मुले येतील.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दहा मिनिटांच्या त्या सरासरीत लाटांबरोबर माणसेही पुसली जातात. वाळूवर चालणारी, जाळी ओढणारी, सुकट उलथणारी बाई, सगळे हलते असतात, म्हणून त्या चित्रात कोणीच उरत नाही. उरतो फक्त रिकामा किनारा. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने ही सोयच आहे. पण तो किनारा रिकामा नव्हता, हे लिहून ठेवायला दुसरी वही लागते. कोणाचे घर कोणत्या साली गेले, कोणाची विहीर खारी झाली, कोणत्या पिराचा चौथरा आणि कोणत्या देवाची घुमटी पाण्याजवळ आली, हे गावाने स्वतः लिहायचे असते. पहिली वही कचेरीला पटवील, दुसरी वही पहिलीला अर्थ देईल.

शेवटी एका शब्दाविषयी बोलतो. कवीला तेवढी मुभा असावी. संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्राचा किनारा, भरतीही आणि काळही. कोकणी भाषेत किनाऱ्याला आजही 'दर्यावेळ' म्हणतात. इंग्रजीतल्या 'टाइड' या शब्दाचाही जुना अर्थ काळ असाच होता. आणि आमच्या शिक्रापूरच्या नदीचे नाव वेळ. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाणी थोडे आणि दगडच फार दिसतात. तिचे नाव कशावरून पडले, हा वेगळा विषय. पण किनारा आणि काळ यांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द दिला, यात मला मोठे शहाणपण दिसते. किनारा ही जागा आहे असे आपण समजतो. खरे पाहता तो काळ आहे, दर तासाला सरकणारा. त्याच्यावर लक्ष ठेवायचे, तर ते वेळेवरच ठेवावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)